फाटक उघडं आहे असं धरून

साखरेच्या बरणीचं झाकण फरशीवर पडलं. पडलं ते पडलं, वर स्वतःभोवती गिरक्या घेत राहिलं, आधी संथ, मग घाईघाईने, आणि शेवटी एकदाचं चपटं होऊन गप्प झालं. रविवारची दुपार होती. सासूबाईंचा डोळा लागला होता, नवरा कारखान्यात दुपारपाळीला गेला होता आणि मी बाहेरच्या खोलीत पाय वर घेऊन बसले होते. घर इतकं शांत होतं की झाकण थांबल्यावर मला त्याच्या पुढचंही ऐकू आलं. स्वयंपाकघरात कोणीतरी श्वास रोखून उभं होतं.

मी उठले नाही. आमच्या घरात एक नियम आहे. जो आपणहून आधी सांगेल, त्याला कोणी रागवायचं नाही. काय सांडलं असेल ते सगळ्यांनी मिळून पुसायचं. नियम केला मी, पण तो आम्हा मोठ्यांकडून पाळून घेते ती लेक. तिला आम्ही मुंगी म्हणतो. साखर जिथे तिथे ती, आणि एका जागी म्हणून कधी नाही.

मुंगी दाराशी आली. ओठांवर साखर, हात पाठीमागे.

"मी सांगितलं तर रागवणार नाहीस?"

"सांग."

"झाकण पडलं." मग जरा थांबून, "बरणी त्याच्या आधीच पडली होती, तू गच्चीवर होतीस तेव्हा."

बरणी सासूबाईंची लाडकी होती. पण नियम म्हणजे नियम. मी काचा वेचायला बसले, मुंगीने सुपली धरली आणि ती मोठ्या जबाबदार आवाजात मला सांगू लागली, की आजीला पण आपणच सांगायचं, ती उठायच्या आत, म्हणजे तीही रागवणार नाही. मला हसू आलं. या पोरीला माझ्या जागी कचेरीत बसवलं तर काम सुरळीत चालेल, असं मनात आलं. तेवढ्यात फोन वाजला.

फोन भोवऱ्याचा होता. आम्ही एकत्र शिकलो. उभ्याउभ्या जेवायची, चालताचालता वाचायची, म्हणून वसतिगृहात तिचं नाव भोवरा पडलं ते पडलंच. पुढे ती डॉक्टर होऊन पुलाशेजारच्या गावात गेली. त्या गावापाशी आमचा देश संपतो आणि नदीपलीकडे शेजाऱ्यांचा सुरू होतो. तिथलं रुग्णालय ती जवळजवळ एकटी चालवते. तिचा फोन म्हणजे धबधबा. त्या दिवशी मात्र ती नुसतं म्हणाली, "आहेस का?"

"काय झालं गं?"

मग तिने सांगितलं. गावाबाहेरच्या शेडमधल्या कोंबड्या मेल्या होत्या, ते आम्हाला ठाऊक होतं. कोंबड्या उचलणारे काही कामगार तापाने आणि श्वासाने आजारी पडून तिच्याकडे दाखल झाले होते, तेही ठाऊक होतं. पक्ष्याकडून माणसाला होतो हा आजार, कधीकधी. आता तिच्या वॉर्डातली नर्स पडली होती.

"ती शेडवर गेली असेल कधी," मी म्हटलं. खरं तर मी विनवत होते.

"अगं, तिला अंड्याचा वाससुद्धा सहन होत नाही."

मी सुपलीतल्या काचांकडे बघत राहिले. नर्सला हा आजार कोंबडीकडून झालेला नव्हता. माणसाकडून झाला होता. एवढं एक वाक्य वेळेवर ऐकू यावं म्हणून माझ्यासारख्यांना सरकार पगार देतं.

"वर कळवू का?" भोवऱ्याने विचारलं. आणि मग तिने तो दुसरा प्रश्न विचारला, जो सगळेच विचारतात. "गावाचं काय होईल?"

त्या गावाचं पोट पुलावर आहे. इकडची भाजी, अंडी तिकडे जातात, तिकडचं कापड, औषधं इकडे येतात. पूल बंद म्हणजे चूल बंद.

मी तिला म्हटलं, "कळव. आत्ता कळव. त्यासाठीच तर करार केलाय आपण. जो आधी सांगेल त्याचं दार कोणी बंद करणार नाही. औषध उद्या तुझ्या दारात असेल."

"नक्की?"

"माझ्यावर सोड."

तिने मोठा श्वास सोडला आणि माझी भोवरा परत आली. "मग ठेव फोन, मला लिहायचंय," म्हणाली आणि तिनेच ठेवला.

हा करार म्हणजे माझी मंत्रालयातली सगळी नोकरी. मी मूळची प्रयोगशाळेतली. जंतू वाढवायचे, रंगवायचे, भिंगाखाली बघायचे, त्यातच माझा जीव रमायचा. मुंगी पोटात आल्यावर साहेबांनी मला जिवंत जंतूंपासून लांब ठेवायचं म्हणून मंत्रालयात तात्पुरती खुर्ची दिली. तात्पुरती खुर्ची किती टिकते ते सरकारी माणसाला सांगायला नको. सासूबाई शेजारणींना आजही सांगतात, सून तापाच्या नोकरीत आहे. मी दुरुस्त करत नाही, कारण खरं नाव सांगायला गेलं तर ऐकणारीचा चहा गार होतो.

त्या खुर्चीत बसून मला एकच गोष्ट उमगली. साथ कोणी अडाणीपणाने लपवत नाही. सांगणाऱ्याचा धंदा बुडतो, म्हणून लपवतात. तेव्हा आधी सांगणाऱ्याला मार बसणार नाही असं काहीतरी करायला हवं, हे मी ज्याच्या त्याच्या कानीकपाळी ओरडत राहिले. परिषदांमध्ये, जेवणाच्या रांगेत, विमानतळावरच्या बाकांवर. मुंगीला कडेवर घेऊनही एकदा बोलले. अखेर आसपासच्या देशांनी सह्या केल्या. औषधांचा आणि तपासणी संचांचा मोठा साठा सगळ्यांनी मिळून एकाच ठिकाणी ठेवायचा ठरला. जागा मिळाली पुलापलीकडे, शेजाऱ्यांच्या गोदामात, कारण थंड खोल्या त्यांच्याकडे होत्या. आम्ही आमच्याकडे जेमतेम पुरेल इतकंच ठेवलं. पूल ओलांडला की रुग्णालय, एवढंसं तर अंतर.

शेजाऱ्यांच्या बाजूने हे काम करणारे गृहस्थ निवृत्तीला टेकलेले. पहिल्याच भेटीत त्यांनी मला 'शेजारीणबाई' म्हटलं आणि मी त्यांना 'शेजारी'. माझ्या लेकीला दात आले तेव्हा त्यांनी नातीचे दात मोजून कळवले होते. मसुद्यावर भांडताना मात्र ते इंचभर हटायचे नाहीत. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "विचारून सांगतो." त्याचा अर्थ 'नाही'. आमच्या सगळ्या कामात त्याचा अर्थ 'नाही' असाच असतो. तोंडावर नकार द्यायचा नाही म्हणून बोलायचं, इतकंच. ते मला कळतं हे त्यांना कळायचं आणि आम्ही दोघं हसायचो.

त्या रविवारी मी मुंगीला सासूबाईंच्या हवाली करून कचेरीत गेले. सचिवसाहेब घरच्या चपला घालूनच आले होते. भोवऱ्याचा अहवाल त्यांनी दोनदा वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "आपणच पहिले?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "आपणच. आणि त्यातच आपला फायदा आहे." त्यांनी सही केली. करारातल्या सगळ्या देशांना संध्याकाळच्या आत कळलं.

सगळ्यात आधी शेजाऱ्यांचा फोन आला. "शाब्बास, शेजारीणबाई," ते म्हणाले. "ट्रक सकाळी निघेल." माझा जीव भांड्यात पडला. घरी येऊन मी मुंगीला उगाचच उचलून गरागरा फिरवलं. बरणीचं आजीला सांगून झालं होतं. आजी रागावली नव्हती, फक्त दोनदा उसासली होती, असा अहवाल मला मिळाला.

सोमवारी सकाळी नाक्यावरच्या अधिकाऱ्याचा फोन आला. ट्रक पलीकडच्या टोकाला आलाय, पण त्यांचं फाटक खाली आहे, म्हणाला.

मी हसले. खरंच हसले. "अहो, उघडायला सांगा त्यांना. आपलाच माल आहे."

"बाई, कुलूप घातलंय. आणि रस्त्यावर आडवी गाडी लावलीय."

मी शेजाऱ्यांना फोन लावला. त्यांनी लगेच उचलला, म्हणजे ते वाटच बघत होते. काहीतरी घोटाळा झालाय, मी म्हटलं, तुमच्या नाक्यावरच्या लोकांना कोणी सांगितलेलं दिसत नाही.

"सांगितलंय," ते म्हणाले. "काल उशिरा ठरलं. माणसं, गाड्या, सगळंच बंद."

"पण करार…"

"हो."

"आपण दोघांनी लिहिलाय तो."

"हो, बाई."

त्यांचा आवाज पाठ केल्यासारखा येत होता. आमचा चालक तुमच्याकडे आला तर त्याला परत घेता येणार नाही, म्हणून कोणी चालक जायला तयार नाही, असं त्यांनी सांगितलं. लोक रस्त्यावर उतरतील अशी वरच्यांना धास्ती आहे, हेही सांगितलं. मी म्हटलं, आपण इतक्या तालमी केल्या, इतक्या वर्षांत एकदाही तुम्ही हे बोलला नाहीत.

मग ते जवळजवळ मायेने म्हणाले, "शेजारीणबाई, तालमीत आपण फाटक उघडं आहे असं धरूनच सुरुवात करायचो."

मी खुर्चीत नीट बसलेली होते, तरी कडा धरली.

खरंच होतं ते. वर्षातून एकदा आम्ही साथीची तालीम करायचो. मोठ्या टेबलाभोवती देशांच्या पाट्या मांडायच्या आणि आमचीच माणसं त्यांच्यामागे बसवायची. शेजाऱ्यांच्या पाटीमागे आमचे हिशेबनीस बसत. एरवी सहीशिवाय टाचणी न देणारा हा माणूस त्या दिवशी मागू ते द्यायचा. "घ्या, दहा ट्रक घ्या," म्हणायचा, आणि सगळे हसायचे. शेजाऱ्यांकडच्या तालमीत आमच्या पाटीमागे त्यांचा असाच कोणी उदार हिशेबनीस बसत असणार. पहिल्या वर्षी कोणीतरी सीमा बंद करून टाकली होती, तर चहाच्या आधीच तालीम संपली. पुढे औषध वाटपाचा, तपासणीचा, अफवांचा सराव व्हायचा होता, तो राहूनच गेला. म्हणून दोन्ही बाजूंनी ठरवलं, की सुरुवातीलाच धरून चालायचं: फाटक उघडं आहे. तेवढ्यापुरतं. मग आम्ही साठा कुठे ठेवायचा तेही तसंच धरून ठरवलं, किती ठेवायचा तेही. इतक्या हुशार माणसांपैकी एकालाही मधल्या वर्षांत असं वाटलं नाही की त्या गृहीताच्या उंबऱ्याकडे एकदा वाकून बघावं. आम्ही रोज त्याच्यावरूनच ये-जा करत होतो.

"पुलाच्या मध्यावर आणून ठेवा," मी म्हटलं. "चालकाने उतरून परत जावं. खोकी आमची माणसं उचलतील. कोणी कोणाला शिवायचं नाही."

ते विचार करताहेत असं मला वाटलं. तसं वाटून घ्यायची गरजच होती मला.

"विचारून सांगतो," ते म्हणाले.

दुपारपर्यंत करारातल्या बाकीच्यांनीही दारं लावून घेतली. मी त्यांची पत्रं एकेक वाचत गेले आणि काही वेळाने अक्षरं दिसायची, अर्थ लागायचा नाही. हिशेबनीस माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. त्यांनी नुसता पाण्याचा पेला ठेवला आणि ते गेले. मग सचिवसाहेबांनी बोलावलं. मला वाटलं, निषेधाचं पत्र लिहायचं असेल. मी मनात मायना जुळवतच आत गेले.

साहेब त्या दिवशी बुटांत होते. म्हणाले, "आपणही गावाचा इकडचा रस्ता बंद करतोय. सही झालीय. तुम्हाला आधी कळावं म्हणून सांगितलं."

"इकडचा?" मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "साहेब, गावात जायला तो एकच रस्ता उरलाय."

"रुग्णांच्या आणि अन्नाच्या गाड्यांना पास देऊ."

"पास कोण देणार?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे. ते दुष्ट नाहीत. माझ्या बाळंतपणाच्या रजेसाठी ते स्वतः वित्त विभागाशी भांडले होते. ते म्हणाले, "विचारून सांगतो."

मी बाहेर आले तेव्हा माझ्या विभागातली मुलगी पडद्याकडे बघत बसली होती. रोज दुपारी सगळ्या जिल्ह्यांतून आजारांचे आकडे येतात. रोज कुठे ना कुठे काहीतरी असतंच. कुठे गोवर, कुठे उलट्या, कुठे नुसताच ताप. आम्ही वैतागतो त्या गर्दीला. आज सगळ्या जिल्ह्यांनी एकच शब्द पाठवला होता: निरंक. म्हणजे काहीही नाही. वरपासून खालपर्यंत निरंक. "मॅडम, यंत्र बिघडलंय का?" तिने विचारलं. मी एका जिल्ह्याच्या डॉक्टरांना फोन केला, ओळखीचे होते. परवापर्यंत त्यांच्याकडे शाळेतली मुलं तापाने पडली होती, त्याचं काय झालं, विचारलं. ते हसल्यासारखं करत म्हणाले, "बरी झाली, मॅडम. सगळीच बरी झाली."

सगळ्या देशात एका दिवसात कोणाला शिंकही आली नव्हती. मी त्या रित्या पडद्यासमोर उभी राहिले आणि माझ्या अंगावर काटा आला. आजाराने आला नव्हता इतका. या शांततेत कुठेतरी, काहीतरी पडून, गिरक्या घेत असणार आणि ते आता आम्हाला कोणी सांगणार नव्हतं.

भोवऱ्याचा फोन त्यानंतर आला. तिला रस्त्याचं कळलं नव्हतं अजून.

"मला इथून दिसतोय गं ट्रक," ती म्हणाली. "वॉर्डाच्या खिडकीतून. पांढराच आहे ना? सकाळपासून उभा आहे. चालक खाली उतरून डबा खातोय. निघत का नाही?"

मी काहीतरी बोलले. कागदपत्रं, परवानगी, असं काहीतरी.

"नर्सला श्वास पुरत नाहीये," भोवरा म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता, कदाचित ती त्या खाटेशेजारीच उभी असेल. "डोळे उघडले की विचारते, औषध कधी येणार. आपल्याकडचं काल संपलं. मी म्हटलं, माझी मैत्रीण बघतेय, येईल. काय सांगू तिला? आज येईल का?"

मला 'नाही' म्हणायचं होतं. शपथेवर सांगते, जीभ त्याच शब्दाकडे गेली होती.

"विचारून सांगते," मी म्हटलं.

आणि ऐकलं. माझाच आवाज, मऊ, समजूतदार, त्यात एक ओरखडा नाही. पेला हातातून निसटावा तसं वाटलं, पण निसटलं काहीच नाही, सगळं जागच्या जागी होतं. भोवऱ्याला आमची ही भाषा येत नाही. ती रुग्णालयात राहिली, तिला या शब्दांचा अर्थ जेवढा असतो तेवढाच माहीत.

"बरं, विचार," ती म्हणाली. "मी फोन हातातच ठेवते."

त्यानंतर मी शेजाऱ्यांना फोन लावत राहिले. त्यांनी उचलला नाही. संध्याकाळी सचिवसाहेबांनीच मला घरी जायला सांगितलं. लेक लहान आहे तुमची, म्हणाले. मी वाटेत फोन हातात धरून चालले होते, दुकानांचे दिवे लागत होते, लोक भाजी घेत होते, घासाघीस करत होते, आणि मला सारखं वाटत होतं की यांना ओरडून सांगावं. काय सांगावं, ते मात्र सुचत नव्हतं.

घरी दार सासूबाईंनी उघडलं. एरवी मुंगी धावत येऊन पायांना मिठी मारते, तशी आली नाही. सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या, दिवसभर टीव्हीवर तो पूल आणि ते रुग्णालय दाखवताहेत. "पोरीने भोवऱ्याला ओळखलं खिडकीत. तोंडाला बांधलेलं होतं, तरी ओळखलं. मी म्हटलं, मावशी कामात आहे. पण ते बातम्यांवाले सारखं कोंडलं, कोंडलं म्हणत होते." मग माझ्याकडे नीट बघून त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली. "तू आधी बस. खाल्लंयस का काही?" एरवी मलाही 'तुम्ही' म्हणणाऱ्या सासूबाईंनी 'तू' म्हटलेलं माझ्या फार उशिरा ध्यानात आलं.

मुंगी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभी होती. साखर आता डब्यात होती, पत्र्याच्या, न फुटणाऱ्या. डब्याला तिने हात लावला नव्हता. पाठ भिंतीला, हात पाठीमागे. माझ्यासाठी तिने नेहमीसारखा चेहरा करायचा प्रयत्न केला. फार वाईट जमला तिला तो.

मी तिच्यासमोर फरशीवर बसले. फोन मांडीवर ठेवला. तो वाजू नये असंही वाटत होतं आणि वाजावा असंही.

"काय झालं, मुंगे?"

"काही नाही," ती म्हणाली.

हे दोन शब्द आमच्या घरात आजवर कोणी मला असे म्हटले नव्हते. मी तिच्याकडे बघत राहिले. तिचा एक खांदा थोडा खाली झुकला होता, म्हणजे हातात जे काही होतं ते जड होतं, किंवा हात दुखत होता. कोपराजवळून फ्रॉकवर एक लहानसा लाल डाग पसरत होता.

"मुंगी. मला दाखव."

ती हलली नाही. माझ्याकडे, मग मांडीवरच्या फोनकडे, मग पुन्हा माझ्याकडे तिने पाहिलं. तिची नजर मी ओळखली. अहवाल वाचताना, चष्मा पुसून पुन्हा घालताना, कालच सचिवसाहेबांच्या डोळ्यांत पाहिली होती ती मी.

"आई, भोवरामावशीने खरं सांगितलं होतं ना? सगळ्यांच्या आधी?"

"हो."

"तरी तिला कोंडलं?"

मी होकाराची मान हलवली असेल.

मुंगीने हात आणखी मागे नेले. तिचा आवाज स्थिर होता, मोठ्या जबाबदार माणसासारखा.

"मग मी सांगू का नको?"